लेकरू कुणापाशी होतं?



लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्राशी तुमच्यापैकी अनेकांची ओझरती ओळख असेल. शाळेच्या वयात त्यातला एखादा विनोदी प्रसंग वाचनात येतो, आणि लक्ष्मीबाई म्हणजे एका विक्षिप्त कवीच्या संसाराला पुरून उरलेली हजरजबाबी पत्नी, अशी एक प्रतिमा मनात पक्की होते. ती प्रतिमा खोटी नाही, परंतु अपुरी आहे. एक श्रद्धाळू ख्रिस्ती आई म्हणून त्यांच्याकडे पाहावे, असे मी तुम्हाला या लेखात सुचवणार आहे. आणि त्यासाठी मला माझ्या आईची मदत घ्यावी लागणार आहे, कारण या पुस्तकाकडे तसे पाहायला मला तिनेच शिकवले.

आम्ही परभणी जिल्ह्यातल्या पोखर्णीचे. नृसिंहाची पोखर्णी म्हटले की मराठवाड्यात अधिक काही सांगावे लागत नाही. परभणीहून परळीकडे जाणाऱ्या लोहमार्गावरच्या आमच्या स्थानकाच्या नावातही नृसिंह आहे. शनिवारची दर्शनाची रीघ, वैशाखातली नृसिंहजयंती आणि उरलेल्या दिवसांत काळ्या रानातली ज्वारी-कापसाची कामे, असे गावाचे वर्ष सरते. माझी आई या देवाची. तिचा शनिवार कधी चुकला नाही. लहानपणी मी गावात ख्रिस्ती घर पाहिल्याचे मला आठवत नाही. ‘मिशन’ हा शब्द आमच्यापर्यंत पोचला होता तो जालन्याच्या दवाखान्यामुळे. अशा घरात ‘स्मृतिचित्रे’ आले ते माझ्या पदवीच्या अभ्यासामुळे. तुमच्यासारखाच मीही नोकरी सांभाळून शिकत होतो. रात्री जेवणे आटोपली की दिव्याखाली पुस्तक मोठ्याने वाचत असे. आईच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. पोथी लावता येत नव्हती म्हणून ती जे कानी पडेल ते ऐकत बसे.

नारायण वामन टिळकांनी १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाई तेव्हा आप्तांकडे होत्या. आपल्या समीक्षेत या प्रसंगाची चर्चा बहुधा धर्मांतर, समाजाचा रोष, पतिपत्नींची ताटातूट अशा शब्दांनी होते. मीही परीक्षेच्या दृष्टीने समासात तेच शब्द लिहीत होतो. आईने मात्र मला थांबवून विचारले, “लेकरू कुणापाशी होतं?”

लेकरू आईपाशी होते. मुलाला, दत्तूला, घेऊन लक्ष्मीबाईंनी ती वर्षे नातलगांच्या आधाराने काढली. त्यांतला काही काळ पंढरपुरात गेला. नवरा हयात, पण धर्माने दुरावलेला. आपल्यामुळे ज्यांच्याकडे आसरा घेतला त्यांना त्रास. आणि पदराशी लहान मूल, ज्याला वडिलांविषयी काय सांगावे हाच मोठा प्रश्न. आईच्या त्या एका प्रश्नानंतर मी ती पाने पुन्हा पहिल्यापासून वाचली. तुम्हीही वाचून पाहा. बाईंच्या दुःखाचे जे वर्णन आपण एका पत्नीचे म्हणून वाचतो, त्यात मुलाची काळजी सारखी डोकावत असते. पुढे त्या टिळकांकडे गेल्या तेव्हाही लगेच ख्रिस्ती झाल्या नाहीत. वेगळी चूल, वेगळे पाणी, स्वतःचे सोवळे, असा नवऱ्याच्या नव्या जगाच्या उंबरठ्यावर त्यांनी आपला जुना संसार मांडला. त्यांचा बाप्तिस्मा झाला तो १९०० मध्ये. मधली पाच वर्षे मला फार मोलाची वाटतात. नवरा गेला म्हणून मागोमाग गेलेली ही बाई नव्हे. तिची श्रद्धा तिची स्वतःची आहे, आणि ती येताना स्वयंपाकघराच्या वाटेने आली आहे.

या वाटेचा आरंभ पाहायचा तर त्यांच्या माहेरी जावे लागते. नाशिकजवळचे जलालपूर हे गाव गोदावरीच्या काठचे. त्याच नदीच्या पुष्कळ खालच्या अंगाला आमच्या जिल्ह्यातले गंगाखेड आहे. लक्ष्मीबाईंच्या आईचे वडील १८५७ च्या धामधुमीत फासावर गेले, आणि त्या धक्क्याने त्यांच्या वडिलांच्या मनात सोवळ्याचे वेड शिरले. बाहेरून आलेली वस्तू धुतल्याखेरीज त्यांना चालत नसे. घरातल्या बायकामुलांची त्यापायी जी दैना होई ती लक्ष्मीबाई हसत हसत सांगतात. वाचक हसतो. आई हसली नाही. तिला त्यात अतिशयोक्ती दिसली नसावी, कारण कमीअधिक प्रमाणात ती स्वतः तेच जगली होती.

अशा घरात वाढलेल्या मुलीने पुढे नगर जिल्ह्यात असताना एके दिवशी मनाशी वाद घातला की, जात देवाने केली की माणसाने. आणि आजपासून कोणाच्याही हातचे अन्नपाणी घ्यायचे असे ठरवून टाकले. मी तो भाग वाचला तेव्हा आई म्हणाली, “परत वाच.” मी परत वाचला. ती काही बोलली नाही.

आमच्या पडवीत वळचणीला एक कान तुटलेला कप उपडा असे. तो निंदणीला येणाऱ्या एका बाईचा. कोणाचा, हे कोणी सांगत नसे. कोणाला सांगावे लागतही नसे. त्यानंतर काही दिवसांनी त्या बाईला आईने घरातल्या कपात चहा दिला. बाई घेईना. आई म्हणाली, “घे माय, निवतोय.” तुटक्या कपात पुढे वडिलांचा चुना भिजत असे. हे पुस्तकामुळे झाले असे मी म्हणणार नाही. तिच्या मनात किती दिवसांपासून काय चालले होते, ते तिचे तिला ठाऊक. आणि शनिवारच्या नैवेद्याचे सोवळे तिने अखेरपर्यंत सोडले नाही, हेही सांगितले पाहिजे. मला त्यात विसंगती वाटत नाही. लक्ष्मीबाईंची वेगळी चूलही काही वर्षे पेटतच होती.

भाषेचे विद्यार्थी म्हणून एका गोष्टीकडे लक्ष द्या. एवढे मोठे स्थित्यंतर सांगताना लक्ष्मीबाई ‘श्रद्धा’, ‘मुक्ती’ यांसारख्या मोठ्या शब्दांवर विसंबत नाहीत. चूल, पाणी, सोवळे, गाडीचा प्रवास, भांडण यांतून सांगतात. त्यांचे शिक्षण रीतसर शाळेत झालेले नव्हते. लिहिणेवाचणे लग्नानंतर नवऱ्याच्या हाताखाली आले. म्हणूनच की काय, त्यांच्या वाक्यात पुस्तकी मराठी फारशी शिरलीच नाही.

ख्रिस्ती झाल्यावर त्यांचे आईपण पोटच्या मुलापुरते राहिले नाही. पोरकी झालेली मुले त्यांच्या घरात वाढली. त्र्यंबक बापूजी ठोंबरे, म्हणजे आपले बालकवी, टिळकांच्या घरी राहिले. त्यांच्यावर लक्ष्मीबाईंनी मुलासारखी माया केली, आणि ते हिंदूच राहिले. मला हे विशेष वाटते. ज्या बाईला स्वतःचा देव सापडायला पाच वर्षे लागली, तिने दुसऱ्याच्या मुलाला घाई केली नाही. ५ मे १९१८ रोजी भादली स्थानकाजवळ रेल्वेखाली सापडून बालकवी गेले. वर्षभराने, मे १९१९ मध्ये, टिळक गेले.

आईची आठवण कोण लिहितो, हाही प्रश्न येथे विचारण्याजोगा आहे. बहुधा आई गेल्यावर मुले लिहितात, आणि मग ती हार घातलेल्या तसबिरीसारखी होते. तिचा राग, तिची भांडणे, तिची चूक यांना त्या चौकटीत जागा नसते. त्या काळातली दुसरी थोर मराठी ख्रिस्ती आई म्हणजे पंडिता रमाबाई. त्यांची एकुलती एक लेक मनोरमा जुलै १९२१ मध्ये वारली आणि रमाबाई ५ एप्रिल १९२२ रोजी गेल्या. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये कितीक मुलींना त्यांनी आसरा दिला, पण मागे राहून आठवणी लिहायला पोटचे लेकरू उरले नव्हते. लक्ष्मीबाईंच्या बाबतीत क्रम निराळा झाला. आई हयात असतानाच देवदत्तांनी, म्हणजे पंढरपुरात आईचे बोट धरून राहिलेल्या त्याच दत्तूने, तिला लिहिते केले. ‘स्मृतिचित्रे’ १९३४ पासून भागाभागांनी प्रसिद्ध होऊ लागले. २४ फेब्रुवारी १९३६ रोजी लक्ष्मीबाई गेल्या. टिळकांनी आरंभलेले ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य त्यांच्या निधनाने अपुरे राहिले होते. आरंभीचे दहाएक अध्याय त्यांचे. पुढचे ६४ अध्याय लक्ष्मीबाईंनी रचले, अखेरचा देवदत्तांनी, आणि ग्रंथ १९३८ मध्ये बाहेर आला. एका घरातल्या तीन माणसांनी पुरे केलेले दुसरे मराठी महाकाव्य मला चटकन आठवत नाही.

माझी परीक्षा झाली तरी पुस्तक घरीच राहिले. परभणीला आईच्या डोळ्याची शस्त्रक्रिया झाली. पट्टी निघाल्यावर तिने आधी पोथी उघडली आणि काही दिवसांनी ‘स्मृतिचित्रे’. ओळीखाली बोट धरून, ओठ हलवत ती वाचायची. एका पानाला अर्धी दुपार लागे. एकदा मी आत होतो आणि पडवीतून तिच्या हसण्याचा आवाज आला. कुठल्या पानावर होती ते मी विचारले, तर म्हणाली, “सोवळ्याच्या.”