खत नासलं तेव्हा

निफाडचा माझा मावसभाऊ दोन वर्षांपूर्वी घरी आला, तेव्हा गॅलरीतल्या डेंड्रोबियमच्या पानांवर बोट फिरवून म्हणाला, "ताई, पानं लुळी आहेत गं. आम्ही द्राक्षाला सिलिका मारतो, तू पण मारून बघ." जाताना पोटॅशियम सिलिकेटची अर्धी बाटली ठेवून गेला.

मी ऑर्किडला आलटूनपालटून १९:१९:१९ खत आणि कॅल्शियम नायट्रेट देते, तेही अगदी पातळ. त्या रविवारी कॅल्शियम नायट्रेटची पाळी होती. म्हटलं, दोनदा कशाला राबायचं? लिटरच्या बाटलीत खताचं घट्ट पाणी केलेलं होतंच, त्यातच सिलिकेट ओतलं. बघता बघता दूध नासावं तसं पांढरं गोळे-गोळे पाणी झालं. मला वाटलं, विरघळेल. बादलीभर पाण्यात ढवळून पंपात भरलं. चार कुंड्या झाल्या आणि पंपाचं नोझल चोंदलं. वांडा ऑर्किड तर लाकडी जाळीत उघड्याच टांगलेल्या. पाणी पडलं की त्यांची मुळं हिरवी होतात. त्या दिवशी जागोजागी पांढरीच राहिली, वर चुन्यासारखा थर. तो काढायला मऊ ब्रश घेऊन संध्याकाळ गेली.

कारण साधं होतं, फक्त मला उशिरा कळलं. सिलिकेट आणि कॅल्शियम घट्ट असताना भेटले की कॅल्शियम सिलिकेटचा साका बसतो. मग सिलिकाही गेली आणि कॅल्शियमही. झाडाच्या वाट्याला नुसता गाळ. १९:१९:१९ मध्ये कॅल्शियम नसतं, पण ते आम्लधर्मी. त्याच्या घट्ट पाण्यात सिलिकेट पडलं की जेलीसारखं गोठू शकतं.

पुढच्या वेळी शहाणपणा करून नुसतं सिलिकेट दिलं. तेही अंगाशी आलं. हे द्रव्य कडक अल्कधर्मी, बाटलीत त्याचा सामू अकराच्या आसपास. ऑर्किडला साडेपाच ते साडेसहा मानवतो. मी सामू मोजलाच नव्हता. आठवड्याने दोन वांडांच्या मुळांची हिरवी टोकं तपकिरी पडली. त्यांना नवी टोकं फुटायला पावसाळा उजाडला.

आता पद्धत ठरली आहे. बादलीभर साध्या पाण्यात आधी सिलिकेट, बाटलीवर पिकासाठी लिहिलेल्या मात्रेच्या चौथाई. चांगलं ढवळायचं. मग चिमूट-चिमूट सायट्रिक अ‍ॅसिड टाकत पट्टीवर सामू सहाच्या जवळ आणायचा आणि ते पाणी त्याच दिवशी संपवायचं. खत दुसऱ्या आठवड्यात. एकत्रच द्यायचं असेल तर सिलिकेट पूर्ण पातळ झाल्यावर, सगळ्यात शेवटी पातळ केलेलं खत घालायचं आणि सामू पुन्हा बघायचा. मी तरी त्या भानगडीत पडत नाही.

फरक पडला का? पानं जरा ताठ वाटतात. पण त्याच काळात मी नारळाच्या सोडणाचे जुने तुकडे काढून कोळसा भरला, शेडनेटही बदललं. श्रेय कुणाला द्यायचं? भात-उसासारखी भरभरून सिलिका घेणारी ही झाडं नव्हेत. फुलांचे दांडे पूर्वीइतकेच येतात. मावसभाऊ मात्र प्रत्येक फोनला "बघ, सांगितलं होतं ना" म्हणतो.

तुम्हाला करायचंच असेल तर बादलीआधी काचेच्या पेल्यात थोडं मिसळून दहा मिनिटं ठेवा. गढूळ झालं तर झाडाला घालू नका. आणि पेला लगेच धुवा. सिलिकेट काचेवर वाळलं की घासूनही निघत नाही. माझ्या गॅलरीच्या तावदानावर ते ठिपके अजून आहेत.