देव न मानणाऱ्याचा शब्बाथ

यहुदी धर्मशास्त्र हा माझ्या अध्यापनाचा विषय. त्यावर बोलायला उभा राहिलो की एक प्रश्न हमखास येतो : ज्याचा देवावर विश्वासच नाही त्याने शब्बाथ, म्हणजे शनिवारचा विश्रांतीचा दिवस, पाळावा कशाला, आणि पाळलाच तर तो धर्मात धरायचा का? विचारणाऱ्याच्या डोळ्यांसमोर बहुधा ख्रिस्ती धर्म असतो. तिथे श्रद्धेची कबुली आधी, बाकीचे नंतर. यहुदी परंपरेने मात्र हा प्रश्न दोन हजार वर्षे उघडा ठेवला आहे आणि तिचे मोठमोठे पंडित त्यावर एकमेकांशी भांडले आहेत.

बाहेरचा माणूस यहुदी व्हायला आला तर त्याला काय विचारावे, हे तालमुदाच्या, म्हणजे रब्बींच्या चर्चांच्या संग्रहाच्या, येवामोत या भागात सांगितले आहे. आमच्या लोकांचे सध्या किती हाल चालले आहेत ते ठाऊक आहे ना, असे आधी विचारावे. ठाऊक आहे म्हणाला तर त्याला काही सोप्या आणि काही कडक आज्ञा सांगाव्यात. शेताचा कोपरा गरिबांसाठी राखून ठेवायचा, ही त्यांतलीच एक. देव मानतोस का, हा प्रश्न त्या यादीत नाही. बाराव्या शतकात मोशे बेन मैमोन, म्हणजेच मायमोनिडीज, यांनी हा नियम आपल्या संहितेत घेताना त्यात भर घातली : देव एक आहे आणि मूर्तिपूजा निषिद्ध आहे, हे नव्याला आधी सविस्तर समजावून सांगावे.

ही भर मायमोनिडीजना शोभणारीच होती. तालमुदाचा गाभा असलेल्या मिश्नावरच्या भाष्यात त्यांनी श्रद्धेची तेरा तत्त्वे मांडली आणि फार कठोर निकाल दिला. तेराही तत्त्वे मानणारा वासनेच्या भरात कितीही पापे करो, तो इस्राएलातच राहतो. एका तत्त्वाबद्दल शंका घेणारा मात्र बाहेर पडतो. पुढे याच तत्त्वांवर रचलेले स्तोत्र प्रार्थनेत गायले जाऊ लागले, त्यामुळे ती सनातन काळापासून चालत आली असावीत असे आज वाटते. प्रत्यक्षात त्यांना विरोध झाला, आणि तो करणारे नास्तिक नव्हते. स्पेनमधले हसदाई क्रेस्कास हे चौदाव्या शतकातले रब्बी. मायमोनिडीजनी ‘देवावर विश्वास ठेव’ ही पहिली आज्ञा म्हणून मोजली होती. क्रेस्कास यांनी विचारले, आज्ञा देणारा आहे हे आधी मानल्याशिवाय आज्ञेला अर्थ कुठला? शिवाय विश्वास हुकमाने ठेवता येत नाही. पटले तर बसतो, नाही तर नाही.

मराठी वाचकाला इथे मीमांसकांची आठवण व्हावी. कुमारिल भट्टांनी जगाचा कर्ता ईश्वर नाकारला आणि यज्ञाचे बंधन मात्र तसूभरही सैल केले नाही. त्यांना हे जमले, कारण त्यांचा वेद अपौरुषेय आहे. तो कोणी सांगितलेला नाही. तोरेला, म्हणजे यहुद्यांच्या मूळ धर्मग्रंथाला, सांगणारा आहे. म्हणून यहुदी नास्तिकाची अडचण मीमांसकाहून खोल आहे, आणि क्रेस्कास यांनी नेमके तिथेच बोट ठेवले.

तालमुदात कृती आणि मन यांचा वाद वेगळ्या अंगानेही चालतो. पेसाह सणाच्या रात्री बेखमीर भाकर खाणे हे कर्तव्य. ती एखाद्याला परक्या शिपायांनी बळजबरीने खायला घातली तर? कर्तव्य पार पडले, असा निर्णय आहे. पण सभास्थानामागून जाताना नववर्षाला ऐकायच्या शिंगाचा आवाज नुसता कानावर पडला तर? मन तिकडे लावले असेल तरच ते धरायचे, असे मिश्ना सांगते. आज्ञा पाळताना हेतू हवाच का, यावर पंडितांचे एकमत झाले नाही. मात्र जिथे हेतू मागितला, तिथेही आपण कर्तव्य करतो आहोत एवढे भान मागितले. देवाविषयीच्या मतांची झडती घेतली नाही.

हे सगळे ग्रंथांतले झाले. कोकणात याचा जिवंत दाखला आहे. बेने इस्राएल हा यहुदी समाज पिढ्यानपिढ्या अलिबाग-पेणच्या परिसरात तेल गाळत राहिला. शनिवारी घाणा बंद, म्हणून गावाने त्यांना शनिवार तेली म्हटले. त्यांच्याजवळ तालमूद नव्हता आणि सभास्थानही नव्हते; मुंबईत सामाजी हसाजी दिवेकरांनी पहिले बांधले ते १७९६ साली. मायमोनिडीजची तेरा तत्त्वे त्यांच्यापर्यंत पोचायला काही मार्गच नव्हता. मग टिकले काय? शनिवारची विश्रांती, मुलांची सुंता, खवले आणि पर असलेलेच मासे खाण्याचा नियम. हाईम सॅम्युएल केहिमकरांनी आपल्या इतिहासात या समाजाचे जुने सण नोंदवले आहेत : दार फाळणीचा सण, बिरड्याचा रोजा, नव्याचा सण. दार फाळणीच्या दिवशी पांढरे कपडे घालायचे, दार लावून घ्यायचे आणि कडक उपास करायचा. हा योम किप्पूर, म्हणजे प्रायश्चित्ताचा दिवस आहे, हे बाहेरच्या धर्मशिक्षकांनी पुढे ओळखले.

पण हा दाखला एका बाजूने वापरणे अप्रामाणिकपणाचे होईल. हिब्रू विसरलेल्या या समाजाने एक हिब्रू वचन सोडले नाही : शेमा, देव एक आहे याची ग्वाही. सुंता, लग्न, मरण, प्रत्येक प्रसंगी ते म्हटले जाई. मलिदा या विधीत ताटात पोहे, गूळ, खोबरे आणि फळे मांडून संदेष्टा एलियाहू हन्नबीची आठवण केली जाते, तीही देवाचे आभार मानण्यासाठीच. श्रद्धा होती; ती आचाराच्या आतच सांभाळली गेली.

पुढे १९६०च्या दशकाच्या आरंभी इस्राएलमधल्या रब्बींनी यांच्या यहुदीपणावर शंका घेतली, तेव्हा प्रश्न काय विचारले? घटस्फोट धर्मशास्त्राप्रमाणे होत होते का, निपुत्रिक विधवेचे नियम पाळले जात होते का, आजी-पणजी कोण होत्या. शनिवारचा घाणा बंद ठेवण्यासाठी इतक्या पिढ्यांनी पोटाला चिमटा घेतला, त्या लोकांची ही वंशतपासणी मला आजही अन्यायाची वाटते. त्यांनी जेरुसलेममध्ये आंदोलन केले आणि १९६४ साली क्नेसेटने, म्हणजे इस्राएलच्या संसदेने, त्यांची बाजू घेतली. या साऱ्या वादात त्यांच्या श्रद्धेची परीक्षा हा मुद्दाच नव्हता.

विसाव्या शतकात दोन माणसांनी हा प्रश्न टोकाला नेला. अमेरिकेतले मॉर्डेकाई कॅप्लन यांनी चमत्कार करणारा, निवड करणारा देव बाजूला ठेवला आणि यहुदी धर्म ही एक संस्कृती आहे असे म्हणून आचार जपायला सांगितले. १९४५ साली सनातनी रब्बींनी त्यांना बहिष्कृत केले आणि त्यांचे प्रार्थनापुस्तक जाळले. जेरुसलेमचे शास्त्रज्ञ येशायाहू लायबोविट्झ म्हणत की आज्ञांचे जू खांद्यावर घेणे हीच श्रद्धा. तिच्यामागे वेगळे तत्त्वज्ञान शोधू नका. पण संस्कृती म्हणून पाळलेला शब्बाथ त्यांच्या लेखी धर्म नव्हताच. लोक बहुतांशी कॅप्लन यांच्या बाजूला गेलेले दिसतात : २०१३च्या प्यू पाहणीत ६८ टक्के अमेरिकन यहुद्यांनी देव न मानताही यहुदी राहता येते, असे सांगितले.

माझे मत असे. एका माणसापुरते बोलायचे तर श्रद्धा ही अट नाही. वारलेल्या वडिलांसाठी अकरा महिने रोज कादिश ही प्रार्थना म्हणणाऱ्या अज्ञेयवादी मुलाचे आचरण मी खरे आचरण मानतो, आणि दहा जणांच्या प्रार्थनेत त्याला मोजताना कोणी त्याची मते विचारू नयेत. पण साऱ्या समाजाने देव सोडला आणि आचार तेवढा ठेवला, तर तो पिढ्यानपिढ्या टिकेल असे मला वाटत नाही. संस्कृती सोयीची असते तोवर पाळली जाते. शनिवारचा घाणा सोयीसाठी बंद नव्हता.

ठाणे, पनवेल, अलिबागकडे बेने इस्राएल घरे अजून आहेत. तुमची ओळख असेल तर ‘तुम्ही देव मानता का’ असे विचारू नका. शुक्रवारी संध्याकाळी, शब्बाथ सुरू होताना, घरात काय काय होते, ते विचारा.