गई, गेली आणि फ्रेंच भूतकाळ

काळ आणि प्रयोग यांचा विचार आपण केला आहे. त्याच विषयाशी निगडित असा एक वैयक्तिक अनुभव येथे नोंदवीत आहे.

माझे बालपण धरणगावात गेले. बालकवी ठोंबरे यांचे जन्मगाव म्हणून आपणास ते परिचित असेल. आमच्या घरी अहिराणी बोलली जाई. ‘पोर शायमा गई’, ‘तिनी भाकर खादी’ अशी आईची वाक्ये असत. महाविद्यालयात प्रमाण मराठीचे व्याकरण शिकल्यावर एकदा पाहुण्यांसमोर मी तिला अडवले. ‘गई’ नव्हे, ‘गेली’ म्हणावे, असे सुचवले. पाहुणे हसले. त्यानंतर माझ्या मित्रांसमोर ती फारसे बोलेनाशी झाली.

पुढे संशोधनासाठी ज्यूल ब्लॉक यांचा मराठीच्या घडणीवरील, 1920 साली पॅरिसमध्ये प्रसिद्ध झालेला ग्रंथ मूळ भाषेतून वाचावयाचा होता, म्हणून मी फ्रेंच शिकू लागलो. फ्रेंच बोलण्यातील नित्याचा भूतकाळ दोन पदांनी सिद्ध होतो: एक साहाय्यक क्रियापद आणि एक भूतकालवाचक धातुसाधित. जाणे, येणे, जन्मणे, मरणे अशा मोजक्या क्रियापदांना ‘एत्र’, म्हणजे ‘असणे’, हे साहाय्यक लागते आणि धातुसाधित कर्त्याचे लिंग-वचन घेते. ‘तो वारला’ म्हणजे ‘इल ए मॉर’. ‘ती वारली’ म्हणजे ‘एल ए मॉर्त’.

बहुतेक क्रियापदांना मात्र ‘आव्वार’, म्हणजे ‘जवळ असणे’, हे साहाय्यक लागते. तेथे धातुसाधित कर्त्याकडे पाहत नाही. कर्म आधी आले, तर कर्माप्रमाणे बदलते. ‘मी चिठ्ठी लिहिली’ हे ‘जे एक्री ला लेत्र’ असे होते. परंतु ‘मी लिहिलेली चिठ्ठी’ म्हणताना ‘ला लेत्र क जे एक्रीत’ असे म्हणावे लागते. ‘लेत्र’ स्त्रीलिंगी असल्याने शेवटी ‘त’ ऐकू येतो.

हा नियम शिकताना मला आईची ती दोन वाक्ये आठवली. ‘गई’ हे रूप ‘पोर’ या कर्त्यानुसार आहे. हा कर्तरी प्रयोग. ‘खादी’ हे रूप ‘तिनी’प्रमाणे नव्हे, तर ‘भाकर’ या कर्मानुसार आहे. हा कर्मणी प्रयोग. प्रमाण मराठीतील ‘ल’ तेथे नाही, एवढाच भेद. दोन्ही भाषांत ही रूपे मुळात विशेषणासारखी होती, म्हणूनच ती नामाचे लिंग-वचन घेतात. आई शाळेत गेली नव्हती, तरी हा नियम ती कधी चुकली नव्हती. चूक माझी होती.

हे तिला सांगावे, असे मनात होते. सुट्टीत गेल्यावर सांगू, असे म्हणत राहिलो आणि ते राहून गेले. ती गेल्याचा निरोप आला, तो गावाकडच्या भाषेतच: ‘माय गई’.

आपणांपैकी अनेकांच्या घरची बोली पुस्तकातील मराठीहून वेगळी असेल. परीक्षेत प्रमाण भाषा लिहावीच लागेल. तथापि घरातील वडीलधाऱ्यांच्या तोंडची भूतकाळाची दहा वाक्ये टिपून घ्या आणि प्रत्येक क्रियापद कोणत्या पदाप्रमाणे बदलते, ते तपासा. नियम सापडला, तर तो त्यांना अवश्य सांगा. मात्र विलंब करू नका.