नावापुरती जागा

नावाला जागा किती लागते, हा प्रश्न संगणकाची सी भाषा शिकू लागेपर्यंत मला कधी पडलाच नव्हता. हजेरीपटात ‘उमा’ला एक ओळ आणि ‘चंद्रशेखर’लाही एकच. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत डेनिस रिची यांनी १९७२ च्या सुमारास घडविलेली ही भाषा मात्र जागेच्या बाबतीत मोठी काटेकोर आहे.

वर्गातील ३९ नावांची यादी संगणकात ठेवावयाची होती. सोपा मार्ग असा की, प्रत्येक नावाला सारखीच, समजा २० बाइटांची, खोली द्यावी. पण आपली देवनागरी पडली ऐसपैस बसणारी! यूटीएफ-८ या प्रचलित पद्धतीत तिचे अक्षर, काना, मात्रा, अनुस्वार, इतकेच नव्हे तर जोडाक्षरात दडलेले हलन्ताचे चिन्हसुद्धा, प्रत्येकी तीन बाइट घेते. (कन्नड लिपीही तेवढीच जागा घेते, हे वाचून आम्हा बेळगावकरांना गंमत वाटेल.) नाव संपल्याची खूण म्हणून शेवटी एक शून्य बाइट हवाच. म्हणजे उमाला १० बाइट पुरतात आणि निम्मी खोली ओस पडते. चंद्रशेखरला २८ लागतात. त्याला छाटले तर ‘चंद्रश’ एवढेच धड उरते आणि पुढे एका मात्रेचा तुटका तुकडा. न छाटता कोंबले तर तो शेजारच्या जागेत पाय पसरतो, आणि सी भाषा त्याला हटकीत नाही.

ही केवळ यंत्राची गंमत नव्हे. माझ्या आजीचे नाव एका कचेरीच्या कागदावर असेच अर्धे उतरले होते. ते पुरे करून घेण्यासाठी तिला चार हेलपाटे घालावे लागले.

दुसरा मार्ग मला फार आवडला. नाव आले की त्याची लांबी मोजावी, तीत एक मिळवावा आणि ‘मॅलॉक’कडे नेमकी तेवढीच जागा मागावी. तो एक विसरू नये; लांबी मोजणारे ‘स्ट्रलेन’ शेवटचा शून्य हिशेबात धरीत नाही. मॅलॉक जागा देते म्हणजे तिचा पत्ता देते. जागा नसेल तर रिकामा पत्ता हाती ठेवते, म्हणून तो आधी पाहून घ्यावा. आपल्या यादीत मग नावे नसतातच, असतात नुसते पत्ते. आजच्या बहुतेक यंत्रांवर एका पत्त्याला आठ बाइट, म्हणून ३९ पत्त्यांना ३१२. पत्ते सारे एका मापाचे, घरे मात्र ज्याच्या त्याच्या मापाची! आमच्या यादीत सर्वांत मोठे घर ‘ज्ञानेश्वर’ला लागले: दिसावयास चारच अक्षरे, पण बाइट ३१. नवा विद्यार्थी आलाच तर ‘रीअलॉक’ने यादी वाढविता येते.

राहिली परतफेड. घरच्या कार्याला शेजारपाजारची भांडी आणली की कोणाचे काय याची आई एक चिठ्ठी करून ठेवते. कार्य उरकल्यावर भांडी आधी पोचती होतात, चिठ्ठी मागाहून फाडली जाते. ‘फ्री’ करतानाही क्रम हाच: एकेका नावाची जागा आधी सोडावी, पत्त्यांची यादी शेवटी. आणि एकदा परत केलेले पातेले पुन्हा परत करावयास जाऊ नये. यादीच आधी सोडली तर ३९ घरे अडून राहतात आणि त्यांचा पत्ता कोणापाशीच उरत नाही. प्रोग्रॅम संपला की आजची यंत्रणा सारी जागा आपणहून परत घेते, हे खरे. पण जो प्रोग्रॅम महिनोन्‌महिने अखंड चालतो, त्याच्या पोटात अशी बेवारशी घरे साठत जातात, आणि एके दिवशी एखादे साधे ‘उमा’ हे नाव ठेवावयास गेले तरी मॅलॉक रिकामा पत्ता पुढे करते.