गुरुबळ

नवग्रहांत गुरूइतकं चांगलं नाव कोणीच कमावलेलं नाही. शनी म्हटलं की लोक तेलाची वाटी शोधतात, मंगळ म्हटलं की मुलीच्या बापाच्या छातीत धस्स होतं आणि राहू-केतूंना तर कोणी घरात चहालाही बोलावणार नाही. गुरू मात्र सद्गृहस्थ! वाड्यात एखादे पेन्शनर अण्णा असतात ना, कोणाच्या अध्यात नाहीत की मध्यात नाहीत, दिसेल त्या पोराच्या हातावर खडीसाखर ठेवणारे, तसा हा आपल्या समजुतीतला गुरू. विद्या देतो, संतती देतो, मुलींची लग्नं जमवतो. बदल्यात मागणं काय, तर हरभऱ्याची डाळ, पिवळं फूल आणि जमलं तर गुरुवारचा उपास.

या सद्गृहस्थाच्या फाटकावर पाटी लावायचीच झाली, तर ती विजेच्या डीपीवर असते तशी, कवटी आणि दोन हाडांची लावावी लागेल. हे मी म्हणत नाही. तिकडे गेलेली यानं म्हणतात. त्यांतलं परत एकही आलेलं नाही, पण जाता जाता त्यांनी जे कळवलं ते पुरेसं आहे.

मी या भानगडीत पडलो तो पुतणीच्या लग्नामुळे. मुलगा तिनंच पसंत केलेला, दोन्ही घरं राजी, मुलाच्या आजी अंथरुणाला खिळलेल्या आणि 'माझ्या डोळ्यांदेखत अक्षता पडू द्या' असा रोज निरोप पाठवणाऱ्या. सगळं जमलं असताना आमच्या आत्यानं (वय चौऱ्याऐंशी, चष्मे दोन) पंचांग उघडलं. मुलीच्या राशीला गुरू बारावा. गुरुबळ नाही. गुरू पुढच्या राशीत सरकेपर्यंत थांबा! आता गुरू एका राशीतून निघायला साधारण वर्ष घेतो, आणि आजींचे डॉक्टर वर्षाची भाषा बोलत नव्हते. घरात दोन पक्ष पडले. मी तिसऱ्या पक्षात. उभा जन्म एका सरकारी कचेरीत हिशेबतपासणीत गेल्यामुळे कोणी 'बळ' म्हटलं की मी 'किती?' असं विचारतो. बळ आहे की नाही हा वाद नंतर. आधी ते मोजलं कोणी, कशानं मोजलं आणि व्हाउचर कुठे आहे?

व्हाउचरं निघाली. पहिलं १९५५ सालचं.

अमेरिकेत मेरीलँडमध्ये बर्नार्ड बर्क आणि केनेथ फ्रँकलिन नावाचे दोन तरुण शास्त्रज्ञ एका शेतात तारा ताणून आकाशातले रेडिओ-संदेश ऐकत बसले होते. शेत ९६ एकरांचं. रोज रात्री ठरावीक सुमाराला त्यांच्या कागदावर खरखर उमटायची. पूर्वी आपण रेडिओवर विविधभारती ऐकत असताना नेमका लताबाईंचा सूर लागायला आणि खालच्या मजल्यावरच्या माणसानं स्कूटर सुरू करायला एकच गाठ पडायची आणि सगळं गाणं 'खर्रर्र' व्हायचं, ते आठवतं? तीच ही खरखर. त्यांनाही तसाच संशय आला. शेतावरचा कोणी गडी मैत्रिणीला भेटून रात्री उशिरा घरी येत असणार आणि त्याच्या गाडीचं इग्निशन बिघडलेलं असणार! पण ही खरखर रोज चार मिनिटं लवकर यायला लागली. चार मिनिटं लवकर उगवतात ते तारे. प्रेमात पडलेला माणूस इतका वक्तशीर नसतो. शेवटी आकाशाचा नकाशा काढून पाहिला, तर आवाज येत होता थेट गुरूकडून. साठ-सत्तर कोटी किलोमीटरवरून त्याची स्कूटर यांच्या रेडिओत खरखरत होती.

एवढा आवाज यायचा तर तिथे जबरदस्त चुंबक हवा आणि त्याच्या तावडीत सापडलेले विद्युतभारित कण हवेत. झालंय तसंच. गुरूच्या पोटात हायड्रोजन इतका दाबला गेलाय की तो धातूसारखा वीज वाहून नेतो, आणि एवढं अवाढव्य धूड दहा तासांच्या आत स्वतःभोवती एक गिरकी घेतं. त्यातून जे चुंबकीय क्षेत्र तयार होतं ते ढगांच्या माथ्यावर, जिथे जास्तीत जास्त आहे तिथे, पृथ्वीवरच्या कमालीच्या दहापटींहून अधिक. शिवाय उलटं. तिथे होकायंत्र धरलं तर ते उत्तर सोडून दक्षिण दाखवील. त्यात भर म्हणून आयो नावाचा त्याचा एक चंद्र ज्वालामुखींतून गंधकाचा धूर ओकत असतो, त्यातला सेकंदाला सुमारे एक टन माल या क्षेत्रात जाऊन पडतो. कण एकदा त्यात सापडला की त्याची सुटका नाही. चुंबकीय रेषेला मळसूत्रासारखे वेढे घेत उत्तरेकडे जायचं, तिथून ढकललं जायचं, दक्षिणेकडे यायचं, तिथूनही ढकललं जायचं. संध्याकाळी सहाला दादरला चुकून विरार लोकलमध्ये चढलेल्या माणसाला ही अवस्था समजावून सांगायला नको. फरक एवढाच की इथे फेऱ्या मारून मारून माणूस थकतो आणि तिथे कण अधिकाधिक वेग घेतो.

पण हे प्रत्यक्ष मोजायचं कसं? इथे मला सगळ्यांत आवडलेलं व्हाउचर सापडलं, आणि ते गुरूचं नसून पृथ्वीचंच आहे. १९५८ साली अमेरिकेनं एक्स्प्लोरर नावाचे उपग्रह सोडले. त्यांत जेम्स व्हॅन ॲलन यांच्या मंडळींनी कण मोजणारी गायगर नळी बसवली होती. उपग्रह वर जाऊ लागला की आकडा वाढायचा, वाढायचा आणि ऐन उंचीवर एकदम शून्य. खाली येताना पुन्हा आकडा हजर. वर कणच नाहीत की नळी बिघडली? तेव्हा त्यांच्यातल्या कार्ल मॅकिल्वेन यांनी तसलीच एक नळी क्ष-किरणांच्या यंत्रासमोर धरली. मारा वाढवत नेला, तसा नळीचा आकडा वाढला आणि मारा फारच झाल्यावर शून्यावर आला. म्हणजे शून्याचा अर्थ 'काही नाही' असा नसून 'फार झालं, आता मोजवत नाही' असा होता!

हे वाचून मी खुर्चीतून उठलोच. आमच्या कचेरीत एका शाखेच्या तक्रारवहीत तीन वर्षं एकही तक्रार नव्हती आणि त्याबद्दल त्या शाखेचा सत्कार झाला होता. तपासणीला गेलो तेव्हा कळलं, तीन वर्षांपूर्वीच वही शेवटच्या पानापर्यंत भरली होती आणि नवी वही मंजूर झाली नव्हती. (घरातही बाईमाणूस एकाएकी काहीच बोलेनासं झालं, तर शांतता नांदते आहे असं समजू नये. नळी भरली आहे असं समजावं.)

तर पृथ्वीभोवतीचे ते पट्टे व्हॅन ॲलन यांच्याच नावानं ओळखले जाऊ लागले, आणि डिसेंबर १९७३ मध्ये पायोनियर-१० हे पहिलं यान गुरूजवळून गेलं, त्यातही त्यांची नळी होतीच. ढगांपासून सुमारे १ लाख ३० हजार किलोमीटर एवढं अंतर राखून ते गेलं, म्हणजे सोवळ्यातल्या माणसाला वळसा घालून जावं तसं. तरीही माणसाला मरायला पुरेल त्याच्या सुमारे हजारपट मारा त्यानं खाल्ला. त्या माऱ्यात छायाचित्रं घेणाऱ्या उपकरणाला कोणी न दिलेले हुकूम ऐकू येऊ लागले आणि आयोचं एक चित्र हातचं गेलं. साहेबानं न दिलेला हुकूम पाळणारे लोक मी पाहिले आहेत, पण त्यांना निदान किरणांचा त्रास नव्हता.

चुंबकीय क्षेत्र मोजायचं तर निराळीच पंचाईत. चुंबकमापक इतका नाजूक असतो की यानातल्या तारा, मोटरी आणि स्क्रू यांचंच चुंबकत्व त्याला आधी ऐकू येतं. म्हणून तो यानाच्या अंगावर बसवतच नाहीत. व्हॉयेजर यानांना त्यासाठी १३ मीटर लांब दांडा होता. उड्डाणाच्या वेळी एका डब्यात गुंडाळलेला, अंतराळात गेल्यावर उलगडलेला. दांड्यावर मापक दोन, एक टोकाला आणि एक अलीकडे. दोघांच्या आकड्यांत जो फरक येईल त्यावरून यानाचं स्वतःचं चुंबकत्व किती ते कळतं आणि ते वजा करता येतं. दुसऱ्याच्या स्वभावाचं मोजमाप करण्यापूर्वी स्वतःच्या स्वभावापासून ४० फूट लांब जाऊन बसण्याची ही सोय आमच्या नातेवाईकांत कोणाकडेच नाही.

आपल्याकडे ही गोष्ट फार आधी कळली होती, बरं का. मुंबईच्या कुलाब्याच्या वेधशाळेत १८४१ पासून पृथ्वीच्या चुंबकत्वाची नोंद होत असे. १८५९ सालचं ते प्रचंड सौर वादळ तिथे नोंदलं गेलं आहे आणि जगभरचे लोक आजही ती नोंद काढून पाहतात. पुढे मुंबईत विजेच्या ट्राम येणार असं ठरलं. ट्रामच्या विजेनं मापकांना भलतंच काही ऐकू आलं असतं, म्हणून नानाभाई मूस यांच्या देखरेखीखाली १९०४ मध्ये सगळं बिऱ्हाड अलिबागला हललं. तिथे लोखंड टाळून इमारती बांधल्या. 'अलिबागहून आलाय काय?' असं मुंबईकर ज्याला त्याला हिणवतो, पण चुंबकाचं जे काही कळतं ते शंभराहून अधिक वर्षं अलिबागलाच कळतं आहे. मुंबईत राहून ते कळणारच नव्हतं.

असो. आत्या वाट पाहत होती.

गुरूला नीट जवळून, ध्रुवावरून ध्रुवावर घिरट्या घालत तपासायला निघालेलं यान म्हणजे जूनो. ५ ऑगस्ट २०११ ला निघालं, ४ जुलै २०१६ ला पोचलं. जूनो ही रोमन पुराणातली गुरूची, म्हणजे ज्युपिटरची, पत्नी. नवरोबा ढगांचा पडदा ओढून आत काय उद्योग करतात ते पडद्याआरपार पाहणारी. यानात तिची छोटी ॲल्युमिनियमची बाहुलीसुद्धा ठेवली आहे, हातात भिंग दिलेली. (आपल्या पुराणात बृहस्पतीच्या घरचा प्रकार नेमका उलटा आहे. तो इथे सांगत नाही, घरात मुलंही वाचतात.) मूळ योजनेतल्या मुक्कामात यानाला दहा कोटींहून अधिक वेळा दाताचा एक्स-रे काढण्याइतका मारा बसणार, असा अंदाज होता. म्हणून त्याची सगळी मेंदूची यंत्रं एका टायटॅनियमच्या पेटीत बंद केली. भिंती सुमारे सेंटिमीटरभर जाड, पेटीचं वजन दोनशे किलोंच्या घरात.

हे सगळं मी आत्याला सांगितलं. माझा मुद्दा असा, की गुरूचं बळ अफाट आहे हे कबूल, पण ते जो जवळ जाईल त्याला झोडपतं, मग त्याची रास कोणतीही असो. आणि आपण त्याच्या जवळात जवळ असतो तेव्हाही ५९ कोटी किलोमीटरवर असतो. आत्यानं सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाली,

"म्हणजे बळ आहे, हे तुझी ती माणसंही म्हणतात."

"हो, पण—"

"आणि ते नसलं अनुकूल, म्हणून जायचं राहिली नाहीत."

"नाही. पेटी केली त्यांनी."

"शांतच केली म्हण की! आपणही करू. गुरुजींना फोन लाव."

पंधरा दिवसांत लग्न झालं. आजींना खुर्चीतून मांडवात आणलं. अक्षता त्यांनी फार जोरात टाकल्या, त्या बहुतेक भटजींना लागल्या. पुढे दीड महिन्यानं त्या गेल्या.

जूनोचा कॅमेरा मात्र त्या पेटीत बसवलेला नव्हता, आणि त्याची गोष्ट मला अजून सुटत नाही. तो फक्त आठ फेऱ्या टिकावा एवढ्याच अपेक्षेनं पाठवला होता. त्याहून कितीतरी अधिक फेऱ्या बिनतक्रार झाल्या आणि मग सत्तेचाळिसाव्या फेरीत चित्रांवर रेघा आणि ठिपके यायला लागले. डिसेंबर २०२३ पर्यंत जवळजवळ सगळीच चित्रं बिघडली, आणि ३० तारखेला तर आयोपासून फक्त दीड हजार किलोमीटरवरून जायचं होतं. तिथे मेकॅनिक पाठवायची सोय नाही. हाताशी काय, तर कॅमेऱ्याजवळचा एक हीटर. तापवलं तर धातूच्या आतली विस्कटलेली घडी कधीकधी परत बसते, हे लोहारालाही माहीत असतं. आधी एकदा २५ अंशांपर्यंत तापवून गुण आला होता (पुण्यात या तपमानाला लोक पंखाही लावत नाहीत, पण त्या थंडीत राहणाऱ्या कॅमेऱ्याला हा चांगलाच उबारा). या वेळी हीटर चढेल तेवढा चढवला. पहिले काही दिवस ढिम्म. मग आयो अगदी तोंडावर आलेला असताना चित्रं एकदम निवळली, आणि त्या दिवशी निघालेल्या फोटोंत आयोचे डोंगर नव्यासारखे लख्ख दिसतात.

म्हणजे शेकच दिला. आत्याला हे सांगितलं तेव्हा ती गुडघ्यावर गरम पाण्याची पिशवी ठेवूनच बसली होती. तिनं मान वर करून पाहिलंही नाही.

आता गुरूच्या युरोपा या चंद्राकडे क्लिपर नावाचं नवं यान निघालं आहे, १४ ऑक्टोबर २०२४ ला. निघायच्या काही महिने आधी कळलं, की यानातले काही ट्रान्झिस्टर हा मारा सोसणारे नसावेत. उघडून बदलावेत तर यान बांधून तयार. चार महिने तपासण्या झाल्या आणि निष्कर्ष निघाला तो असा: यानाची एक फेरी एकवीस दिवसांची, त्यात माऱ्याच्या पट्ट्यात एक दिवसही पुरता नाही. उरलेले वीस दिवस लांब राहायचं, थोडी ऊब द्यायची, तेवढ्यात ट्रान्झिस्टर आपले आपण बरेचसे सावरतात. एकवीस दिवसांत वीस दिवस सुट्टी! ही नोकरी मला कोणी सांगितली असती, तर मीही गेलो असतो. यान एप्रिल २०३० मध्ये पोचायचं आहे. त्या वेळी गुरू कोणत्या राशीला असेल ते आत्या बघणार होती, पण तितक्या पुढचं पंचांग अजून छापून आलेलं नाही.