म्हाताऱ्या गाडीचे तेल
(बी. ए. भाग 2)

आमच्या घरी तेल हा आजीचा विषय. कोणते तेल कशाला, याबाबत तिचा निकाल शेवटचा. त्यावर अपील नाही. जवसाचे तेल खाण्याला, मोहाच्या टोळीचे तेल थंडीत भेगाळलेल्या पायांना, करंजीचे जनावरांच्या खरजेला आणि एरंडेल माणसाच्या पोटाला व बंडीच्या आसाला. लहानपणी मी तिला विचारले होते, "आजी, आसाले जवसाचं तेल लावलं तर?" ती हसून म्हणाली होती, "वाळून चिकट होईन, अन् चाक बसन रडत. तेल सारखंच दिसते, बाई. काम येगयेगळं असते."

पुढे शाळेत कळले, की जवसाचे तेल हवा लागली की वाळते, म्हणूनच ते रंगात घालतात. आजीला हे शाळेशिवाय माहीत होते. मी मात्र मराठी साहित्य आणि अर्थशास्त्र घेऊन बी. ए. च्या दुसऱ्या वर्षाला पोचले, तरी आमच्या गाडीचे तेल आणायची वेळ आली तेव्हा तिचा निकाल साफ विसरले. त्याची ही हकीकत.

आमची गाडी म्हणजे 2003 सालची मारुती 800. माझा जन्म 2006 चा. म्हणजे नात्याने ती माझी थोरली बहीणच. या जातीची पहिली गाडी डिसेंबर 1983 मध्ये रस्त्यावर आली आणि जानेवारी 2014 मध्ये तिचे उत्पादन थांबले. इंजिन एवढेसे, 796 सी. सी. चे, तीन सिलिंडरांचे. पोटात तेल मावते तेही तीन लिटरांहून थोडे कमीच. पण या एवढ्याशा इंजिनाने आमच्या गावचे किती संसार वाहून नेले, त्याचा हिशेब कोणी ठेवलेला नाही.

बाबा एका राईस मिलच्या मालकांकडे ड्रायव्हर आहेत. 2013 साली मालकांनी नवी गाडी घेतली, तेव्हा ही जुनी बाबांनी मागून घेतली. किंमत पगारातून दरमहा कापून गेली. मोहाडी तालुक्यातल्या आमच्या त्या लहानशा गावात तेव्हा दुसरी मोटार नव्हती. त्यामुळे गाडी आमची असली तरी हक्क साऱ्या गावाचा. अर्ध्या रात्री कळा सुरू झालेली बाई असो, सापाने दंश केलेला गडी असो, की नवरीची पाठवणी असो, लोक आमच्याच दारी येत. पोळ्याला बैलांची पूजा झाली, की दसऱ्याला गाडीची. त्या दिवशी बाबा डॅशबोर्डच्या खणातली प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली कागदपत्रेही बाहेर काढत आणि प्रत्येकावर कुंकवाचे बोट लावत. त्यात एक इंग्रजी पुस्तिका होती. ती कसली आहे हे कोणी विचारले नाही. बाबा सातवीपर्यंत शिकलेले, आई चौथीपर्यंत. पुस्तिकेची पूजा होत होती, वाचन मात्र बारा वर्षांत एकदाही झाले नव्हते.

गेल्या उन्हाळ्यात गाडी सकाळी सुरू करताना मागून निळसर धूर येऊ लागला. पट्टी काढून पाहिली, की तेल खाली गेलेले. बाबा तुमसरहून सुटे ऑईल आणत आणि वरून टाकत. ड्रममधून मापाने काढलेले ते तेल कोणत्या यंत्रासाठी आहे हे ना देणाऱ्याने सांगितले, ना घेणाऱ्याने विचारले. कधी शेजारच्या ट्रॅक्टरमधून उरलेलेही त्यात जाई. मला ते बघवेना. त्यातच आजीच्या मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेसाठी नागपूरची तारीख मिळाली. पहाटे निघून वेळेवर पोचायचे होते. मी भंडाऱ्याला खोली घेऊन राहते. नुकतीच शिष्यवृत्ती जमा झाली होती. मनात आले, यंदा तेल मी आणीन.

दुकानदाराने रीतसर विचारले, "गाडी कोणती? किती चालली?" मी ऐटीत म्हणाले, "ते असू द्या. सर्वांत चांगलं द्या." अर्थशास्त्राच्या तासाला ग्राहकाच्या विवेकाविषयी जे काही शिकले होते, ते त्या वेळी कुठे गेले कोण जाणे! त्याने दोन-तीन डबे मांडले. मी त्यातला महागातला महाग उचलला. 5 डब्ल्यू-30, पूर्ण सिंथेटिक. नेहमीच्या तेलाच्या जवळजवळ दुप्पट पैसे पडले. बाबांनी डबा हातात घेऊन उलटसुलट पाहिला. ते तेल ओळखतात डब्याच्या रंगावरून, आणि हा रंग त्यांच्या ओळखीचा नव्हता. तरी म्हणाले, "पोरीनं वाचून आनलं हाये." जुने तेल काढून नवे भरले. मधाच्या रंगाचे ते तेल धारेतून उतरताना पाहून मला धन्य वाटले.

तिसऱ्या दिवशी आईने सारवलेल्या अंगणात काळे थेंब दिसले. पाचव्या दिवशी थेंबांचे थारोळे झाले. मी म्हटले, नवीन तेल आहे, सवय होईल. तेलाची सवय इंजिनाला होते की इंजिनाची तेलाला, हे मला ठाऊक नव्हते, पण बोलून गेले खरी.

नागपूरला निघालो ती पहाट अजून डोळ्यांसमोर आहे. पुढे बाबा, शेजारी आजी, मागे आई आणि मी. भंडारा गेले, जवाहरनगर गेले, उजाडले. मौद्याच्या अलीकडे डॅशबोर्डवर तेलाचा लाल दिवा एकदा लुकलुकला आणि मग लागूनच राहिला. बाबांनी त्याच क्षणी इंजिन बंद केले आणि गाडी कडेला घेतली. थोडा वेळ थांबून पट्टी ओढली. टोकाला कसाबसा ओलेपणा. आजी न दिसणाऱ्या डोळ्यांनी इकडेतिकडे पाहत विचारत होती, "काऊन थांबली?" कोणी उत्तर देईना. मी तर रस्त्याकडे तोंड करून उभी राहिले.

बाबा डिकीपाशी गेले. स्टेपनीच्या मागून, गोणपाटात गुंडाळलेला, जुन्या रंगाचा एक डबा त्यांनी काढला. न फोडलेला. म्हणजे घरून निघतानाच त्यांना शंका होती. पण माझ्या शिष्यवृत्तीच्या तेलाला त्यांनी एका शब्दाने नाव ठेवले नव्हते, फक्त आपला डबा सोबत घेतला होता. त्यांनी मापाने तेल ओतले, पट्टी पुन्हा पाहिली, गाडी सुरू केली. दिवा विझला. आम्ही वेळेवर पोचलो. वाटेत ते एवढेच बोलले, "लाल दिवा लागला का गाडी हाकायची नाही. एवढं ध्यानात ठेव."

परत आल्यावर मी गाडीसोबत मिस्त्रीचाचांकडे गेले. त्यांनी इंजिनाखाली वाकून पाहिले, बोटाला तेल लावून चोळले आणि मला समोर स्टुलावर बसवले. "बेटी, तेल तुझं एकदम अच्छं आहे. नव्या गाडीसाठी सोनं आहे. पण नव्या इंजिनात रिंग आणि बोअर अगदी लागून बसतात. तिथं पातळ तेल पाहिजे. ही गाडी दीड लाखाच्या वर चालली. रिंग घासली, बोअर घासला, फट वाढली. पातळ तेल त्या फटीतून वर जातं आणि जळतं. तोच निळा धूर. पांढरा येत राहिला तर पाणी घुसलं समज, काळा आला तर पेट्रोल जास्त जळतंय."

"मग अंगणात का गळलं?"

"जुन्या इंजिनात चिकट मळ बसतो. तोच कुठंकुठं भोक बुजवून ठेवतो. तुझ्या तेलानं साबणासारखी सफाई केली. गॅस्केटचं, सीलचं जे भोक मळानं झाकलं होतं, ते उघडं पडलं."

मला वाटले, उत्तर मिळाले. जितके जाड तितके चांगले. चाचांनी मान हलवली. फार जाड तेल थंडीच्या सकाळी लवकर वर चढत नाही. तेवढा वेळ लोखंड लोखंडावर कोरडे घासते, आणि इंजिनाची झीज गाडी सुरू होतानाच जास्त होते. खराब गाडी विकणारे लोक मुद्दाम डांबरासारखे तेल भरून चार दिवस धूर लपवतात, हेही त्यांनी सांगितले. मग अगदी सहज, पाना पुसता पुसता म्हणाले, "खरं औषध तेल नाहीच. रिंग-पिस्टन बदलून बोअर करायला पाहिजे. पंधरा-वीस हजाराचं काम. दोन वर्षं झाली तुझ्या बाबाला सांगून. तो म्हणाला, चाचा, सध्या पोरीचं कॉलेज आहे, ती ग्रॅज्युएट होईपर्यंत गाडी कशीपण चालव."

दोन वर्षांपूर्वी मी भंडाऱ्यात प्रवेश घेतला होता. खोलीचे भाडे, खानावळ, पुस्तके, एस.टी.चा पास. मी मनातल्या मनात बेरीज केली आणि ती पंधरा-वीस हजारांच्या पुढे गेली. आमच्या गाडीतून सकाळी निघणारा तो निळा धूर माझ्या शिक्षणाचा होता.

त्या रात्री मी खणातली पुस्तिका काढली. पहिल्या पानावर दसऱ्याचे कुंकू होते. शब्दकोश घेऊन बसले. तेलाच्या पानावर थर्मामीटरसारखी पट्टी होती: बाहेर हवा कशी, तर तेल कोणते. बाबा शेजारी येऊन बसले. ज्या आकड्यांनी त्यांनी जन्मभर तेल पाहिले पण वाचले नव्हते, ते आम्ही एकेक करून सोडवले. अमेरिकेतल्या मोटार-अभियंत्यांच्या संस्थेने 1911 मध्ये तेलांना जाडीप्रमाणे क्रमांक द्यायला सुरुवात केली, तीच ही रीत. 'डब्ल्यू' म्हणजे विंटर, हिवाळा. त्याच्या आधीचा आकडा थंडीत तेल किती वाहते ते सांगतो. जितका लहान, तितके थंडीत ते वाहते. नंतरचा आकडा 100 अंशांना तापल्यावर त्याची जाडी किती उरते ते सांगतो. बाबा हसून म्हणाले, "आपल्याकडे हिवाळा असते किती दिवस?" खरेच होते. जानेवारीतल्या काही रात्री पारा 10 च्या खाली जातो, बर्फ काही पडत नाही. मे महिन्यात मात्र तो 45 च्या घरात असतो. आमच्या हवेला पहिला आकडा 5 असण्याची गरजच नव्हती.

डब्यावरची इंग्रजी अक्षरेही मी त्यांना दाखवली. 'एस' ने सुरू होणारी श्रेणी पेट्रोलच्या इंजिनाची, 'सी' ने सुरू होणारी डिझेलची. ट्रॅक्टरचे उरलेले तेल मग कायमचे बंद झाले, ड्रममधलेही. म्हणजे चूक एकट्या माझीच नव्हती, आणि शहाणपणही एकट्या बाबांचेच नव्हते. चाचांच्या सल्ल्याने, पट्टीला धरून, बंद डब्यातले पेट्रोलसाठीचे 20 डब्ल्यू-50 ठरले. साधे खनिज तेल, माझ्या तेलाच्या अर्ध्या किमतीत. गळणारे सील चाचांनी बदलून दिले. मजुरी घेतली नाही, चहा घेतला.

गंमत अशी, की वाचनालयात शोधताना मला आढळले, 'कॅस्ट्रॉल' हे मोठ्या कंपनीचे नाव 'कॅस्टर' म्हणजे एरंडेलावरून आलेले आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी तिकडे मोटारींच्या व विमानांच्या तेलात एरंडेल घालत. आजीला सांगितले, तर तिला काहीच नवल वाटले नाही. "मंग? आसाले तेच लागते," ती म्हणाली.

आता मी दर रविवारी घरी गेले, की एक वही घेऊन गाडीपाशी जाते. सपाट जागा, इंजिन बंद करून दहा मिनिटे, पट्टी पुसायची, पुन्हा घालायची, मग वाचायची. तारीख, किलोमीटर, पट्टीवरची खूण. धूर गेलेला नाही, कमी झाला आहे. तेल अजून जळते, पण आता किती जळते ते आम्हाला माहीत आहे, आणि डिकीत एक लिटर नेहमी असते. रिंग-पिस्टनचे काम तसेच बाकी आहे. वहीच्या शेवटच्या पानावर मी तेवढा एक आकडा लिहून ठेवला आहे. माझ्या पहिल्या पगारातून तो खोडायचा आहे.

आणि आजी? तिच्या डोळ्याची पट्टी निघाली, घरी आली, अंगणात उभी राहिली. आम्ही सारे तिच्या तोंडाकडे पाहत होतो, की पहिल्यांदा काय म्हणते. तिने खाली पाहिले आणि मोठ्याने विचारले, "अवं, माया अंगनात हे कारे डाग कोनं पाडले?"

बाबांनी माझ्याकडे पाहिले. मी शेणाचा गोळा घेऊन सारवायला बसले.