म्हातारपणीचं घर

रविवार, रात्र.

निवाऱ्यातून आणलेला कारवानी कुत्रा आज पहिल्यांदा गोधडीवर निजला. वय नऊ-दहा, तोंड पांढरं, कोपरांना घट्टे. तिथली पिल्लं हातोहात गेली, याच्याकडे कुणी वळलं नव्हतं. ही जात वासापेक्षा नजरेनं शिकार करणारी. मुधोळ हाउंड म्हणून २००५ साली टपाल तिकिटावरही झळकली. आमचा मात्र कुंपणावरच्या मांजराकडे नुसता बघतो नि सुस्कारा टाकतो. अंगावर चरबी नाही, म्हणून थंडीत कुडकुडतो. आईची जुनी शाल त्याला दिली. पहिलं नाव सांगणार कोण? मी ‘आबा’ म्हणते, तो एक कान हलवतो. सोबत किती दिवसांची, हा हिशेब आज मांडत नाही. सकाळी सांधेदुखीची गोळी पोळीच्या तुकड्यात लपवून द्यायची, एवढंच लक्षात ठेवायचं.